फोनवाल्या गाण्याला डावीकडे

"डावीकडे घे."

"डावीकडे कशाला? घर सरळ आहे."

"फोनवालं लागलंय ना? मग डावीकडे. पाण्याच्या टाकीपाशी."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर ते पाय आडवे करून, डोकं टेकून बसले होते. गुडघा दुमडायला त्रास व्हायचा, म्हणून माझ्या गाडीत ते पुढे बसत नसत. डोळे तपासताना थेंब घातले होते. दोन-तीन तास सगळं धूसर दिसेल, उजेड सोसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि जाताना पुठ्ठ्याच्या काड्यांचा एक काळा चष्मा दिला होता. तो त्यांच्या कानांना पुरत नव्हता. एका हाताने तो धरून ते रेडिओ ऐकत होते.

रेडिओवर पंचवीस वर्षांपूर्वीच्या हिट गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. नवं सहस्रक उजाडलं तेव्हा तुम्ही काय करत होता, आम्हाला कळवा, असं निवेदिका लाडात येऊन सांगत होती. आवाजावरून ती तेव्हा जन्मलीही नसावी. आणि मग ते गाणं लागलं. सुरुवातीला टेलिफोनची घंटी तीनदा वाजते, कुणी उचलत नाही, आणि चौथ्या घंटीच्या जागी ड्रम सुरू होतात.

"माझी तीनची मीटिंग आहे," मी म्हटलं. "नंतर कधीतरी जाऊ त्या बाजूने."

"अगं, जायचंय कुणाला! तोंडातून निघून गेलं. टाकीपाशी वळलं की ती 'दोन वेण्या' उभी असायची. एक बूट पायात, एक हातात."

"आणि तोंडात टोस्ट."

"टोस्ट झोपाळूच्या तोंडात. तू विसरलीस."

मी हसले. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं. सिग्नल लागला होता. अचानक मागून एक बारीक, लाडिक आवाज आला:

"काका, आवाज वाढवा नाऽ!"

शेवटचा 'ना' चौदा वर्षांच्या मुलीसारखा लांबवलेला होता. ती मुलगी मी होते. हे वाक्य मी त्यांच्या व्हॅनमध्ये एका सकाळी म्हटलं होतं, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांत आमच्या दोघांपैकी कुणीही त्याचा विषय काढला नव्हता.

ऑफिसात साहेबांच्या विनोदाला हसतात तशी मी हसले. आवाजाचं बटण दोन घरं पुढे फिरवलं. आरशात फक्त काळा चष्मा दिसत होता. त्यामागचे डोळे हसत होते की नाही, ते मला कळलं नाही. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, मी गाडी काढली.

घरापाशी उतरल्यावर ते फाटकाला धरून उभे राहिले. "चहा?"

"नको, उशीर होतोय."

"बरं. सावकाश जा, सोन्या."

"येते," मी म्हटलं. येते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते स्टुलावर बसले, आणि उठले नाहीत. आईने फोन केला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. "तुझे बाबा..." एवढं बोलून तिने फोन शेजारणीच्या हातात दिला.

त्या दिवशी मी तो शब्द चाळीस वेळा तरी उच्चारला असेन. साहेबांना, नवऱ्याला, मुलीच्या शाळेत, दाखला देणाऱ्या खिडकीवर. बाबा गेले. माझे बाबा. हो, काल चांगले होते. व्हॅनमधल्या ज्या पोरांसमोर तो एकदा म्हणायचा राहिला होता, ती सोडून मी सगळ्यांसमोर म्हटला.

*

ते शाळेची व्हॅन चालवत. पोरं त्यांना व्हॅनवाले काका म्हणत, पोरांच्या आया काका म्हणत, आणि मुख्याध्यापिकाही, त्या त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असून, काकाच म्हणत. त्यांना नाव आहे हे बहुतेकांना लायसन्स पाहूनच कळलं असतं. तेही पोरांना नावाने हाक मारत नसत. त्यांनी ठेवलेली नावं होती. दोन वेण्या. झोपाळू. डॉक्टरांकडचे दोघे भाऊ म्हणजे गोळी आणि इंजेक्शन. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत प्रश्न विचारणारा एक होता, तो प्रश्नपत्रिका.

आठवीत मला चांगले मार्क पडले आणि नववीला मला त्या शाळेत प्रवेश मिळाला, जिच्या फाटकापर्यंत ते रोज दोनदा जात आणि जिच्या आत ते कधी गेले नव्हते. घरात आनंदीआनंद होता. आईने गणवेशाला दोनदा इस्त्री केली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी माझी कॅसेट घेऊन शेडमध्ये गेले आणि व्हॅनच्या टेपमध्ये ती बसवली. नव्या सालाची बारा हिट गाणी, एकेका बाजूला सहा. ती त्यांनीच मला आणून दिली होती.

"ए बाबा, उद्या हीच लाव हं," मी म्हटलं होतं.

"तू सांगशील ते, महाराणी."

तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत असे. माझ्या बरोबरीच्या मुली वडिलांना अहो-जाहो करायच्या, आणि मला त्यांचं हसू यायचं.

सकाळी मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या दोन घरांशी चौघं चढली. तिसऱ्या ठिकाणी टाकीपाशी दोन वेण्या चढली. एक बूट हातात होता, तो घालता घालता तिने मला न्याहाळलं.

"नवीन? कुठे राहतेस?"

"पहिल्या स्टॉपला."

"म्हणजे काकांच्या घराजवळ?"

"हो. जवळच."

खोटं नव्हतं ते. पण आता ती पुढचा प्रश्न विचारणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या मागे डॉक्टरांची मुलं होती, एका बँक मॅनेजरची मुलगी होती. तिच्या दप्तराला चाकं होती. चाकांचं दप्तर मी पहिल्यांदाच पाहत होते. मला घाई झाली. तो प्रश्न येण्याआधी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे तोंडात आलं ते मी बोलले.

"काका, आवाज वाढवा ना."

त्यांचा हात गिअरवर होता. तो तिथेच थोडा थांबला. मग टेपपाशी गेला, आणि फोनवालं गाणं मोठ्याने वाजू लागलं.

"चालेल एवढा?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"चालेल, काका."

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मग? कशी आहे शाळा?" जणू ते दुसऱ्याच गावाहून आले होते. ते काहीतरी बोलतील म्हणून मी पानातून डोळे वर केले नाहीत. ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर त्यांचा डबा, हत्यारांची पिशवी आणि पाण्याचा कॅन आधीच मांडून ठेवलेला होता.

"मागे बस. खिडकीपाशी," ते म्हणाले.

असं त्यांनी मला सोपं करून दिलं. मला तोंडघशी पाडलं असतं तर एका दिवसाच्या रडारडीत सगळं संपलं असतं. आठवडाभरात माझंही नाव पडलं. "खिडकी, काच लाव." "खिडकी, त्या झोपाळूला जरा ढोस." एवढ्या सराईतपणे ते म्हणत, की कधीकधी मलाच वाटे, मी खरंच पहिल्या स्टॉपला कुठेतरी जवळपास राहते.

काकांना कुणी अरे-तुरे करत नाही. म्हणून गाडीत मी त्यांना अहो म्हणू लागले, आणि ते अहो हळूहळू घरात आलं. सकाळी काका म्हटलेल्या माणसाला संध्याकाळी बाबा म्हणताना जीभ अडखळायची. मग मी दोन्ही टाळू लागले. "जेवायला चला." "आई बोलावतेय." "फोन आहे." हाकेशिवाय किती बोलता येतं, हे ज्यांना तशी वेळ येते त्यांनाच कळतं. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. नवरा त्यांना पहिल्या दिवसापासून बाबा म्हणू लागला, बिनदिक्कत. मला मुलगी झाली आणि माझी सुटका झाली. मी त्यांना आजोबा म्हणू लागले. सगळ्याच घरांत म्हणतात. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

*

ती कॅसेट त्यांनी पुढे बदलली नाही. त्याला कारण होतं. पहिल्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आलं, की रस्ता आणि कॅसेट अगदी मापाने जुळतात. घरून निघताना 'नव्या सालाचं' लावायचं. 'टाळ्यांचं' संपता संपता डॉक्टरांचा बंगला यायचा. 'फोनवालं' सुरू झालं की टाकीपाशी डावीकडे. 'रडकं' फार लांब होतं, पण पुलावर गर्दीही तेवढीच असायची. 'शिट्टीचं' वाजताना बाजार, आणि 'गडबडगुंडा' वाजत असताना शाळेचं फाटक. संध्याकाळी दुसरी बाजू. त्यांना घड्याळ लागत नसे.

हॉर्न तर लागतच नसे. गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं की घराघरांतून धावपळ सुरू व्हायची. झोपाळूची आई सांगायची, "टाळ्या वाजायला लागल्या की मी याला उठवते, आणि शेवटच्या टाळीला हा जिन्यात असतो." पोरं कुरकुरायची. काका, दुसरी लावा ना, कंटाळा आला. ते म्हणायचे, "राजे, गाणं बदललं की वेळ बदलते. मग बाई तुम्हालाही रागावणार आणि मलाही."

संध्याकाळी दुसऱ्या बाजूचं सहावं गाणं सुरू व्हायचं तेव्हा गाडीत आम्ही दोघंच उरलेले असायचो. एक बाई एकटीच गाते, साथीला जवळजवळ काही नाही. तेवढ्या पाच मिनिटांत मला काका म्हणायची गरज नव्हती. ऐकायला कुणी नव्हतं. ते कधीकधी आरशात बघून विचारायचे, "दमलीस?" आणि मी म्हणायचे, "नाही." बाई गात राहायची. शेड आली की कॅसेट खट्ट करून संपायची.

दहावीच्या वर्षी मला वाढदिवसाला नवी कॅसेट मिळाली. त्या वर्षीची हिट गाणी. एका सकाळी ते पुढची काच पुसत असताना मी गुपचूप कॅसेट बदलली. नवं ऐकायचं होतं, एवढंच. आणि थोडं हेही, की मी आणलेलं गाणं सगळ्यांनी ऐकावं.

ते बसले, चावी फिरवली, दुसरंच काही वाजलं. त्यांनी आरशात पाहिलं.

"ही कुठली?"

"नवीन आहे."

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टरांच्या बंगल्यापाशी कुणी नव्हतं. थांबलो. त्यांनी हॉर्न मारला, पण तो हॉर्न कुणाच्या ओळखीचा नव्हता. चार मिनिटांनी गोळी आणि इंजेक्शन खाली आले, एकाचा शर्ट उलटा. टाकीपाशी तीच गत. झोपाळूला घ्यायला त्यांना स्वतः जिना चढावा लागला. त्याची आई मागून धावत आली. "अहो काका, आज गाणं आलंच नाही! मी आपली दूध तापवत बसलेय!"

शाळेचं फाटक बंद झालं होतं. आम्ही अकरा जण पायऱ्यांवर ओळीने उभे राहिलो. मुख्याध्यापिका बाहेर आल्या.

"हे काय काका? इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही."

"आज गाणं बदललं, बाई."

"गाणं?"

ओळीत कुणीतरी फिसकन हसलं.

"कुणी बदललं?"

मी ओळीत तिसरी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहणार नाही याची काळजी घेतली, ती मला तिथून दिसली.

"मीच. माझी चूक झाली. पोरांना आत घ्या, पुन्हा होणार नाही."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस, मान खाली घालून, पायरीच्या खालच्या बाजूला उभा. फाटकाजवळ शिपाई होता, वरच्या मजल्यावरून काही वर्ग बघत होते. मी माझ्या बुटांकडे बघत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. आता वाकून बांधावी की नको, याचा मी विचार करत होते.

संध्याकाळी टेपमध्ये जुनीच कॅसेट होती. नवी माझ्या अभ्यासाच्या टेबलावर होती, डबीत नीट घालून ठेवलेली. "ही घरी ऐक," ते म्हणाले. "चांगली आहेत गाणी."

*

ते गेल्यावर लोक भेटायला येत होते. चौथ्या दिवशी दुपारी आई आत पडून होती. मी पाण्याचे पेले भरत होते. एक बाई आली, केस कानापर्यंत कापलेले, हातात गाडीची किल्ली. टेबलावर त्यांचा फोटो होता, लायसन्सवरचाच मोठा करून आणलेला. त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग वळली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं! खिडकी ना तू?"

मी तिला वेण्यांशिवाय ओळखलं नव्हतं.

"तूही आलीस! किती बरं वाटलं. मला वाटलं, आपल्यापैकी मी एकटीच. कुठून कळलं तुला? मला आमच्या दूधवाल्याने सांगितलं. मी म्हटलं, आपले काका गेले आणि आपण जायचं नाही म्हणजे काय!"

आपल्यापैकी. आपले काका. माझ्या हातात ट्रे होता. त्यावर पाच पेले होते. मी ट्रे खाली ठेवला. हो गं, शेजारणीकडून कळलं, असं म्हणून मी तिच्याबरोबर सोफ्यावर बसू शकले असते. ती दहा मिनिटांत गेली असती. जमलंही असतं मला, सवय होती.

"मी इथलीच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी त्यांची मुलगी."

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "कुणाची? काकांची?"

"हो."

"आपल्या काकांची?"

"हो."

"पण तू तर..." तिने ट्रेमधला पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. "तू तर काका म्हणायचीस."

"हो."

पंखा फिरत होता. तिने मला पुढचं काही विचारलं नाही, हे तिचे उपकार. तिने रिकामा पेला हातात फिरवला. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाली, "एकदा ना, प्रश्नपत्रिकेने त्यांना विचारलं होतं. तू नव्हतीस त्या दिवशी, ताप-बीप असेल. त्याने विचारलं, काका, तुम्हाला मुलं किती? तर काका म्हणाले, अकरा. आम्ही इतके हसलो! तो म्हणतो, काका, आज तर आम्ही दहाच आहोत. तर म्हणाले..."

ती थांबली. आपण काय सांगतोय ते तिला आत्ता, सांगताना कळलं असावं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हो. आज माझं एक आजारी आहे."

तिने पेला ट्रेमध्ये ठेवला. दारापाशी गेल्यावर ती परत वळली. "त्यांना वाईट नसेल वाटलं गं. त्यांचा स्वभावच तसा..." मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिची गाडी सुरू झाल्यावर आतून रेडिओ मोठ्याने लागला, तो तिने पटकन बंद केला.

*

व्हॅन अजून शेडमध्येच होती. ठरवून दिलेली वर्षं संपल्यावर ती रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती, आणि ती विकायचा विषय त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. दर रविवारी अकरा वाजता ते शेडमध्ये जायचे. इंजिन गरम करायला, असं सांगून.

"अर्धा तास," आई म्हणाली. "मी म्हणायचे, आधी माणसाचं इंजिन दाखवा डॉक्टरला, मग गाडीचं. तर म्हणायचे, गाडी पडून राहिली की बिघडते." ती पदराला हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती. "ने म्हणावं आता त्याला. शेड मोकळी होऊ दे. मला ती बघवत नाही."

तो म्हणजे गॅरेजवाला. व्हॅन नवी होती तेव्हापासून तिचं सगळं त्यानेच केलं होतं. शनिवारी सकाळी तो ओढून न्यायची गाडी घेऊन आला. शेडचं दार दोघांनी मिळून सरकवलं. व्हॅनवर धूळ नव्हती. काचा पुसलेल्या होत्या.

"सुरू होईल का?" मी विचारलं. "म्हणजे ओढायला नको. दर रविवारी सुरू करायचे ते."

गॅरेजवाला माझ्याकडे बघत राहिला. "काय सुरू करायचे, ताई?"

"इंजिन."

"इंजिन?" त्याने बॉनेट उघडलं. आत एका बाजूला नुसतं भगदाड होतं. नळ्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली होती. "इंजिन मी सहा वर्षांपूर्वी काढून नेलंय. काकांनीच दिलं. म्हणाले, कुणाच्या तरी कामी येऊ दे."

"मग रविवारी काय करायचे?"

"ते मला काय ठाऊक. पण बॅटरी बघा." त्याने बोट दाखवलं. तेवढी एकच वस्तू त्या भगदाडात नवी कोरी होती, वरचं लेबलसुद्धा सुटलं नव्हतं. "दोन महिन्यांपूर्वी बसवली. मी म्हटलं, काका, गाडीत इंजिन नाही, बॅटरी कशाला? तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू आपली जोडून दे. तिसरी बॅटरी ही. म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार!"

तो साखळी आणायला बाहेर गेला.

मी मागचं दार सरकवलं. ते अजूनही मध्येच अडकतं, उचलून ढकलावं लागतं. माझ्या हाताला ते आठवत होतं. आत डिझेलचा आणि जुन्या रेक्झिनचा वास होता. खिडकीपाशी बसले. गुडघे समोरच्या सीटला टेकले. पूर्वी टेकत नसत. पुढच्या सीटवर काही नव्हतं. डबा नव्हता, पिशवी नव्हती, कॅन नव्हता. ती सीट पुसून रिकामी ठेवलेली होती.

गाडीची किल्ली होती तिथेच होती. मी मधून हात लांब करून ती अर्धी फिरवली. टेपचा छोटा हिरवा दिवा लागला, आत काहीतरी घरघरलं, आणि गाणं सुरू झालं. मधूनच, जिथे थांबवलं होतं तिथून. दुसरी बाजू. सहावं. ती बाई एकटी गात होती. फीत झिजली होती, बाईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा हलत होता, आणि तो फारच बारीक ठेवलेला होता. घरात आईला ऐकू जाऊ नये इतका. शेवटच्या रविवारी ते या गाण्याच्या मध्ये उठून गेले होते. आईने हाक मारली असेल.

समोर आरसा होता. त्यांनी तो नेहमीसारखाच लावून ठेवला होता, त्यात मागची खिडकीची सीट दिसेल असा. ड्रायव्हरची सीट त्यांच्या पाठीच्या आकाराची खोलगट झाली होती. गाणं संपायला दोन मिनिटं असतील, फार तर अडीच. मग खट्ट होणार होतं. बाहेर गॅरेजवाला साखळी जमिनीवर ओढत होता, आणि तो ऐकेल की काय, असं क्षणभर मला वाटलं. मग मला माझीच लाज वाटली.

मी पुढे वाकले.

"बाबा," मी म्हटलं. बाहेर साखळी थांबली. मी आणखी मोठ्याने म्हटलं, "ए बाबा, आवाज वाढव ना."